वॉशबर्नची गिरणी : एका मराठी ध्वनिफितीच्या कामाच्या नोंदी

९ मार्च २०२४

आजपासून कामाला हात घातला. मिनियापोलिसमध्ये उन्हाळा लागला की आपल्याकडच्या आई-वडिलांची वर्दळ सुरू होते. सुट्टीच्या दिवशी त्यांना मिसिसिपीच्या काठी फिरायला नेलं की ती जळकी, निम्मी पडलेली उंच दगडी गिरणी दिसते आणि प्रत्येकाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "हे काय होतं इथं?" उत्तर आहे, पण इंग्रजी पाट्यांवर. तेच मराठीत, चालता चालता कानावर पडेल असं करायचं. चाळीसेक मिनिटांची ध्वनिफीत. माणूस एकच : कॅडवालडर कोल्डन वॉशबर्न. आधी वकील, मग जमिनींचा व्यापारी, लाकूडवाला, गिरणीमालक, आणि मधली दोन वर्षं विस्कॉन्सिन राज्याचा गव्हर्नर.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एप्रिलच्या शेवटी येतायत. कुर्डुवाडीला त्यांची पिठाची गिरणी होती, पंचेचाळीस वर्षं चालवली. ते यायच्या आत पहिला खर्डा तयार हवा, कारण पिठाबद्दल काहीही चुकलं तर ते त्यांच्याच कानाला कळेल.

१४ मार्च

बालपणाचा भाग लिहिला. मेन राज्यातलं लिव्हरमोर, जन्म २२ एप्रिल १८१८. वडिलांचं गावात दुकान होतं, ते १८२९ मध्ये कर्जात गेलं. कॅडवालडर तेव्हा अकरा वर्षांचा. घरात भावंडांची रांग, त्यामुळे मुलं एकामागून एक कामाला लागली. ज्या घराचं दुकान गेलं त्याच घरातला इझ्राएल पुढे मेनचा गव्हर्नर झाला, एलिहू इलिनॉयमधून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत गेला आणि नंतर फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत झाला, धाकटा विल्यम मिनेसोटाचा सिनेटर झाला. १८५५ पासून तर इझ्राएल, एलिहू आणि कॅडवालडर हे तिघे सख्खे भाऊ तीन वेगवेगळ्या राज्यांतून एकाच सभागृहात बसत होते.

भावांवर चार पानं झाली होती. सगळी काढली, एक परिच्छेद ठेवला. ऐकणारा उन्हात उभा असणार.

२१ मार्च

पैसा कुठून आला हे सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरवलं आहे. अशा चरित्रांत "कष्टाने मोठा झाला" म्हणून पुढे सरकायची सवय असते. कष्ट होतेच. १८३९ मध्ये एकविसाव्या वर्षी तो पश्चिमेला आयोवातल्या डॅव्हनपोर्टला आला, वकिली शिकला, १८४२ मध्ये मिनरल पॉइंट या शिशाच्या खाणींच्या गावी बस्तान बसवलं. तिथे १८४४ मध्ये सायरस वुडमन नावाच्या भागीदाराबरोबर जमिनींचा धंदा सुरू झाला.

धंदा असा चाले. मेक्सिकोच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकार जमिनीचे दाखले देत असे. एका दाखल्यावर १६० एकर. बहुतेक सैनिकांना शेती करायची नव्हती, रोख रक्कम हवी होती, म्हणून ते दाखला पडत्या भावाने विकून टाकत. व्यापारी ते दाखले गोळा करत, त्यांवर सरकारी जमीन नावावर करून घेत आणि नव्याने आलेल्या शेतकऱ्याला उधारीवर, चढ्या दराने देत. शेतकऱ्याकडे रोकड नाही, त्यामुळे त्यालाही दुसरा रस्ता नाही. या दाखल्यांवर शेतजमिनी आल्या, उत्तरेकडे पाइनची जंगलं आली, जंगलांतून ला क्रॉस गावी लाकडाचा कारखाना आला.

आणि ती "सरकारी" जमीन तहांमधून आलेली होती. डकोटा, ओजिब्वे, हो-चंक या इथल्या मूळ रहिवाशांकडून ती काढून घेतली गेली त्याला फार तर दहा-वीस वर्षं झाली होती. जिथे गिरणी उभी आहे त्या धबधब्याला डकोटा लोक ओवामनियोमनी म्हणतात, नकाशावर तो सेंट अँथनी. ध्वनिफितीत धबधब्याची दोन्ही नावं येतील, आणि डकोटा नाव आधी येईल.

२४ मार्च

पाण्याचा भाग. १८५६ मध्ये वॉशबर्न आणि सोबतच्या भांडवलदारांनी धबधब्याच्या पश्चिम काठाचा पाणीहक्क धरणारी मिनियापोलिस मिल कंपनी उभी केली. सुरुवातीला तिचा मुख्य माल पीठ नव्हताच, पाण्याचा जोर हा तिचा माल होता. नदीतून कालवा काढायचा, काठाकाठाने गिरण्यांच्या जागा आखायच्या आणि पाणी भाड्याने द्यायचं. पाणी गिरणीच्या पोटात खाली पडतं, चाक फिरवतं, बोगद्यातून परत नदीला मिळतं.

१८६६ मध्ये त्याने स्वतःची सहा मजली गिरणी बांधली. लोक तिला "वॉशबर्नचा वेडेपणा" म्हणू लागले, कारण एवढं पीठ विकत घेणार कोण? १८७४ मध्ये त्याने त्याहून मोठी "ए" गिरणी उभी केली. तिच्या जागी आज जी इमारत आहे तिच्या खाली उभं राहून वर पाहिलं की त्या माणसाची छाती केवढी होती ते कळतं. मला हा माणूस या ठिकाणी मनापासून आवडतो. त्या पाण्यात काय ताकद आहे ते त्याने वीस वर्षं आधी ओळखलं होतं, आणि स्वतः मिनियापोलिसात घर न करता, ला क्रॉस आणि मॅडिसनमध्ये राहून हे सगळं चालवलं.

३० मार्च

आजचा दिवस शब्दांवर गेला, आणि चांगला गेला.

इंग्रजी पाट्यांवर पिठाच्या मधल्या भरड भागाला एक खास शब्द आहे. आठवडाभर मी त्याला "मध्यम कण", "मधला दर्जा" असले शब्द लावत होते. आज सकाळी उपमा करताना हातात वाटी होती आणि लक्षात आलं, हा तर रवा! दगडातून एकदा दळून चाळला की पीठ खाली जातं, कोंडा वर राहतो, आणि या दोहोंच्या मध्ये उरतो तो रवाच. आपल्या घरात हे तिन्ही वेगळे ओळखणारी माणसं आहेत, आणि त्यांच्यासाठी मी "मध्यम कण" लिहीत बसले होते.

आता गोष्ट सरळ सांगता येते. मिनेसोटात थंडी कडक, म्हणून गहू वसंतात पेरायचा. हा गहू कठीण, तांबूस, आणि त्याचा कोंडा ठिसूळ. जुन्या पद्धतीने दगड एकमेकांजवळ आणून जोरात फिरवले की कोंड्याचा भुगा होई, तो पिठात मिसळे आणि पीठ काळपट दिसे. वर दगड तापून पीठही बिघडे. दाण्याचा सगळ्यात कसदार भाग, ज्याने कणकेला ताण येतो, तो रव्यात अडकून राही आणि त्या रव्यात कोंडा असल्यामुळे तो हलका माल ठरे. पूर्वेच्या बाजारात मिनेसोटाच्या पिठाला भाव नव्हता तो यामुळे.

वॉशबर्नच्या गिरणीचा कारभार पाहणारा जॉर्ज ख्रिश्चन आणि एडमंड लाक्रॉय हा मूळचा फ्रेंच कारागीर, या दोघांनी १८७०-७१ च्या सुमारास यावर यंत्र बसवलं. हलत्या चाळण्यांवर रवा पसरायचा आणि खालून वारा सोडायचा. हलका कोंडा वर उडतो, जड स्वच्छ रवा चाळणीवर राहतो, तो पुन्हा दळायचा. म्हणजे सुपात पाखडणं. अंगणात बसून आजी जे वाऱ्याच्या अंदाजाने करायची तेच त्यांनी यंत्राच्या वाऱ्याने केलं. दुसऱ्या दळणात उतरलेलं पीठ पांढरंशुभ्र आणि ताणाचं होतं. काही वर्षांत तोच वसंतातला गहू देशातला सगळ्यात मागणीचा गहू ठरला.

पण वारा सोडला की पीठ उडणारच. ज्या वाऱ्याने रवा स्वच्छ झाला, त्याच वाऱ्याने गिरणीच्या हवेत पिठाची धूळ भरली. हे वाक्य इथेच ठेवायचं, पुढे मेमध्ये त्याचं काम आहे.

१० एप्रिल

गव्हर्नरपदाचा भाग. आधी शब्दाचाच घोळ मिटवला. "राज्यपाल" लिहिलं तर आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे राजभवन येतं, दिल्लीहून नेमलेला माणूस येतो. अमेरिकेतला गव्हर्नर लोक निवडून देतात, राज्याचा कारभार त्याच्या हातात असतो, म्हणजे कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. "गव्हर्नर" हाच शब्द ठेवला आणि एका वाक्यात हे सांगितलं.

यादवी युद्धाचं थोडक्यात : घोडदळाचा कर्नल म्हणून गेला, मेजर जनरल झाला. २१ ऑगस्ट १८६४ च्या पहाटे दक्षिणेच्या फॉरेस्ट या सेनापतीने मेम्फिसवर छापा घातला तेव्हा वॉशबर्न रात्रीच्याच कपड्यांत किल्ल्याकडे निसटला आणि त्याचा गणवेश शत्रूच्या हाती लागला. हा प्रसंग ठेवते. युद्धानंतर पुन्हा काँग्रेस. तिथे अलास्का विकत घेण्याच्या पैशाला त्याने कडाडून विरोध केला. जमिनीत आयुष्य काढलेल्या माणसाचा जमिनीचाच अंदाज चुकला.

१८७१ च्या निवडणुकीत जेम्स डुलिटलला हरवून तो जानेवारी १८७२ मध्ये गव्हर्नर झाला. दोन वर्षांत दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, रेल्वे कंपन्या शेतकऱ्याकडून मनमानी भाडं घेत होत्या, त्यांना वेसण घालायला हवी असं या भांडवलदार गव्हर्नरने उघड म्हटलं. तार खातंही टपालासारखं सरकारने चालवावं, असा त्याचा जुना आग्रह होता. दोन, ग्रॅहम कायदा. या १८७२ च्या दारूविषयक कायद्याने गुत्तेवाल्याला २,००० डॉलरचं हमीपत्र भरावं लागे आणि त्याच्याकडे पिऊन कोणी नुकसान केलं तर भरपाई गुत्तेवाल्यावर येई. विस्कॉन्सिनात जर्मन वस्ती दाट, रविवारी बागेत कुटुंबासह बिअर घेणं हा त्यांच्या घरचा रिवाज. ते खवळले. त्यात रेल्वेवर रागावलेले शेतकरी, आणि १८७३ ची आर्थिक मंदी. नोव्हेंबर १८७३ मध्ये विल्यम टेलर या शेतकरी उमेदवाराने त्याला हरवलं. रेल्वेचे दर बांधणारा कायदा दुसऱ्याच वर्षी, टेलरच्या कारकिर्दीत झाला.

कारकीर्द म्हणून ही लहानच आहे. पण हरल्यावर तो गिरणीकडे वळला, आणि "ए" गिरणी पुढच्याच वर्षी उभी राहिली. काळाचा हा सांधा ध्वनिफितीत नीट यायला हवा.

१७ एप्रिल

जॅनेट गारबद्दल लिहिलं. वॉशबर्नची बायको. १ जानेवारी १८४९ ला लग्न. दुसरी मुलगी झाल्यावर तिचं मन बिघडलं, ती पुन्हा सावरली नाही. उरलेलं सारं आयुष्य संस्थांमध्ये गेलं आणि १९०९ मध्ये ती वारली, नवऱ्यानंतर सत्तावीस वर्षांनी. बाळंतपणानंतरच्या आजाराला आज नाव आहे, औषध आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ एक बाई चार भिंतींत राहिली आणि तिच्या नवऱ्याच्या नावाच्या पाट्या शहरभर लागल्या. तिला दीड मिनिट दिलं आहे. घाईने वाचायचं नाही.

२८ एप्रिल

अण्णा आले. प्रवासाने दमलेत, पण संध्याकाळी रव्याचा भाग वाचून घेतला. "पाखडणं बरोबर लिहिलंस," म्हणाले. एक सुधारणा : दगड "धार लावतात" असं मी लिहिलं होतं. "धार विळीला. दगडाला टाकी लावतात." बदललं.

२ मे

आज मुद्दाम अण्णांना गिरणीवर घेऊन गेले.

२ मे १८७८, संध्याकाळचे सात. दिवसपाळी सुटून तासभर झाला होता, रात्रपाळीचे चौदा जण "ए" गिरणीत होते. एका क्षणात गिरणी उडाली. दहा मैलांवर सेंट पॉलमध्ये आवाज ऐकू गेला. आग शेजारच्या गिरण्यांत गेली, तिथे आणखी चार माणसं गेली. एकूण अठरा. शहराची पीठ काढण्याची ताकद एका रात्रीत फार मोठ्या प्रमाणात नाहीशी झाली.

सुरुवातीला लोकांना वाटलं, कुणीतरी स्फोटकं ठेवली असणार. मग मिनेसोटा विद्यापीठाच्या पेकहॅम आणि पेक या दोन प्राध्यापकांनी प्रयोग करून दाखवले : पेटीतल्या हवेत पीठ उडवायचं आणि ज्योत दाखवायची. पेटीचं झाकण उडून जाई. ढिगातलं पीठ सहज पेटत नाही, पण हवेत तरंगणाऱ्या प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते, सगळे कण एकदम पेट घेतात आणि बंद जागेत तो दाब भिंती फोडतो. आणि पहिली ठिणगी कुठून आली? दोन दगड रिकामे फिरत होते, मध्ये दाणा नव्हता.

हे मी अण्णांना वाचून दाखवत होते. ते थांबले. लहानपणी दिवसातून दहा वेळा ऐकलेलं वाक्य ते पुन्हा म्हणाले, "दगड रिकामा फिरू द्यायचा नाही." आमच्या गिरणीत गहू संपत आला की ते वरच्या डब्यावर हात ठेवून उभे राहायचे, आवाज बदलला की लगेच बटण. मला वाटायचं, दगड झिजू नये म्हणून. "झिजतो तर खरंच," अण्णा म्हणाले, "पण ठिणगीची भीती जास्त. माझ्या चुलत्याने शिकवलं होतं मला. पीठ पेट घेतं, म्हणायचा." मग बराच वेळ ते भिंतीकडे बघत राहिले. "चौदा माणसं. आणि दगड रिकामा."

नव्या गिरणीवर बसवलेल्या दगडी पाटीवर या स्फोटाचं कारण लिहिलं आहे, पिठाची धूळ, आणि गेलेल्या कामगारांची नावं. दगडावर दगड उरला नाही, असंही त्यात आहे. मालकाने कामगारांची नावं दगडात कोरून घेतली, याचं मोल मी कमी करणार नाही. पण हवेतली धूळ बाहेर काढण्याची सोय स्फोटानंतर आली, आधी नाही. ही दोन्ही वाक्यं एकामागोमाग येतील.

ध्वनिफितीचा आराखडा आज बदलला. सुरुवात आता लिव्हरमोरला नाही. सुरुवात अण्णांच्या वाक्याने.

११ मे

पुनर्बांधणी. विल्यम दे ला बार हा ऑस्ट्रियन इंजिनिअर धूळ ओढून घेणारं यंत्र विकायला आला होता. वॉशबर्नने त्यालाच ठेवून घेतलं. नंतर तो बुडापेस्टला जाऊन तिथल्या गिरण्या बघून आला, कारण हंगेरीत दगडांऐवजी लोखंडी रूळ, म्हणजे रोलर, वापरत. दोन रुळांमधून दाणा टप्प्याटप्प्याने फुटतो, तापत नाही, कोंडा चपटा होऊन अखंड निघतो. नवी "ए" गिरणी १८८० मध्ये सुरू झाली आणि दगडांचं युग तिथे संपत आलं. "म्हणजे टाकीवाल्यांचं पोट गेलं," अण्णा म्हणाले. त्याच वर्षी सिनसिनाटीच्या गिरणीवाल्यांच्या प्रदर्शनात वॉशबर्नच्या कंपनीच्या, म्हणजे वॉशबर्न-क्रॉसबीच्या पिठाला सुवर्णपदक मिळालं, "गोल्ड मेडल" हे नाव तिथून. त्या अक्षरांची पाटी आजही छतावर आहे.

पलीकडच्या काठाकडे अण्णांना बोट दाखवलं, तिथे पिल्सबरी. ते चमकले, कारण आपल्याकडे त्या नावाच्या आट्याच्या पिशव्या दुकानात असतात. पिल्सबरी घराण्यातला जॉन हार्डवेअरचा व्यापारी, तोही गव्हर्नर झाला, मिनेसोटाचा, १८७६ ते १८८२. वॉशबर्नच्या कंपनीतून १९२८ मध्ये जनरल मिल्स उभी राहिली आणि २००१ मध्ये तिने पिल्सबरी विकत घेतली. दोन्ही काठ एका मालकाचे झाले. अण्णांच्या गिरणीचं गिऱ्हाईक ज्या वर्षांत पिशवीतल्या आट्याकडे वळलं, तीच ही वर्षं. ते यावर काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. ध्वनिफितीत फक्त पिशवीचा उल्लेख आहे.

१८ मे

शेवटचा भाग. मॅडिसनची वेधशाळा त्याच्या पैशाने उभी राहिली. दुर्बीण हार्वर्डपेक्षा मोठी हवी होती : हार्वर्डची १५ इंची, म्हणून ही १५.६. मॅडिसनचं आपलं घर त्याने १८८१ मध्ये डॉमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साध्वींना शाळेसाठी दिलं. त्याच वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. १४ मे १८८२ ला आर्कान्सामधल्या युरेका स्प्रिंग्ज इथे तो गेला. मृत्युपत्रात ला क्रॉसच्या वाचनालयाला ५०,००० डॉलर आणि मिनियापोलिसात अनाथालयासाठी ३,७५,००० डॉलर.

ज्या मुलाचं घर अकराव्या वर्षी फुटलं त्याने अनाथालय काढावं, हे जोडून सांगायचा मोह झाला. मृत्युपत्रात तसं नाही, म्हणून मीही जोडलं नाही. आकडा सांगितला आणि पुढे गेले.

२५ मे

लेकवुड स्मशानभूमी. अठरा जणांसाठी उभारलेला दगडी स्तंभ आहे, त्यावर गव्हाची पेंढी आणि मोडकं दातेरी चाक कोरलेलं. अण्णांनी चपला काढल्या. मी सांगितलं, इथे काढत नाहीत. "असू दे," म्हणाले.

नावं वाचायला त्यांना वेळ लागला. अक्षर अक्षर लावत, चुकलं की मागे येत, अठराही वाचली. मी फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवलं होतं. वाऱ्याचा आवाज आला आहे आणि दोन ठिकाणी खोकला.

१ जून

अंतिम जुळणी. एकूण बेचाळीस मिनिटं. माझ्या आवाजात स्वच्छ वाचलेली नावांची प्रतही तयार होती, दोन्ही लावून ऐकल्या. अण्णांची ठेवली, खोकल्यासकट. उद्या अजून एकदा प्रत्यक्ष चालून वेळ मोजायची : कालव्यापासून पाटीपर्यंत अण्णांच्या चालीने किती मिनिटं लागतात.